पाकळीचा ल

परवा वाण्याची यादी लिहीत होतो. साखर, गूळ, तेल. ‘तेल’ लिहिलं आणि थबकलो. ‘ल’ दंडाचा आला होता, हिंदीतला. पन्नास वर्षं या हाताने पाकळीचा ‘ल’ काढलाय. शाळेत कुणी दंडाचा काढला तर बाई पाकळीचा गिरवून घेत. आता दिवसभर पडद्यावर जे दिसतं, ते हाताने मला न विचारता उचललं.

आमच्या आळीत एक पेंटरकाका होते. पाटी रंगवायची म्हणजे आधी दोऱ्याला खडू फासायचा, दोरा फळीवर ताणून टिचकी मारायची. उमटली पांढरी रेघ की ती शिरोरेषा. मग चपट्या ब्रशने ‘ल’: डावीकडे एक पाकळी, उजवीकडे दुसरी, मधून वर जाणारा देठ. देठ ओढताना काका श्वास धरत. आम्ही पोरंही धरायचो.

कॉम्प्युटरने ‘ल’ मुद्दाम बिघडवला, असं मात्र म्हणता येत नाही. विंडोज २००० बरोबर आलेला मंगल हा फॉन्ट र. कृ. जोशींचा. मराठी माणूस, अक्षरावर जीव असलेला सुलेखनकार. पण एकाच फॉन्टात हिंदी, मराठी, नेपाळी सगळ्यांचं भागवायचं, तर कुणाचा तरी ‘ल’ मागे राहणारच. राहिला आपला. युनिकोडच्या लेखी दोन्ही ‘ल’ एकच, क्रमांक ०९३२. त्याला रूप कोणतं द्यायचं ते फॉन्ट ठरवतो. २००९ मध्ये शासनाने निर्णय काढून पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ मराठीचे म्हणून ठरवून दिले. काही फॉन्टांत दोन्ही रूपं असतातही; मजकूर मराठी आहे असं सांगितलं की पाकळी उमटते. पण सांगत बसतंय कोण? हा लेख तुम्ही कोणत्या ‘ल’मध्ये वाचताय, तेही मला इथून कळायचं नाही.

युनिकोडला नावं ठेवताना जीभ जरा चाचरते. त्याआधी एका मशिनवर लावलेला मजकूर दुसऱ्यावर उघडला की नुसती चिन्हांची खिचडी दिसे. प्रुफं तपासण्यात माझ्या कित्येक रात्री गेल्यात. ती कटकट गेली, हे काय थोडं झालं?

माझा खरा राग फ्लेक्सवर. कॉम्प्युटरवर कोरलड्रॉमध्ये अक्षर घ्यायचं, त्याला पिवळी कड, कडेला लाल कड, वर सोनेरी छटा, मागे सावली. एवढं करून अक्षर ते अक्षर राहत नाही, नवरदेवाची घोडी होते. चौकात वाढदिवसाचे, निवडीचे, ‘भावी’ नगरसेवकांचे फलक. खाली चाळीस चेहरे, प्रत्येकाच्या डोळ्यावर गॉगल. काकांचा धंदा यानेच बसवला. शेवटी शेवटी ते रिक्षांच्या नंबरप्लेटा रंगवत, त्यात ‘ल’ येत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत झाडलोट करणारी बाई गेली. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावर फ्लेक्स लागला, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. आधार कार्डावरून मोठा केलेला, कडेला विरलेला फोटो. मागे ढग, निळा उजेड, दोन समया, आणि तिचं नाव सोनेरी अक्षरांत. नावात दोन ‘ल’, दोन्ही दंडाचे. मी चष्मा सावरून बघत उभा राहिलो. काकांच्या काळात या बाईचं नाव कुणी रंगवून घेतलं नसतं. ऑइलपेंट महाग, फळी महाग. पाट्या व्हायच्या त्या दुकानांच्या, डॉक्टरांच्या, वकिलांच्या.

तिचा मुलगा शेजारी येऊन उभा राहिला. मी छापण्या-बिपण्यातला माणूस हे त्याला ठाऊक होतं.

“काका, नाव बरोबर आलंय ना?”

“बरोबर आहे,” मी म्हणालो.