आजीची नागीण

१९७३ च्या उन्हाळ्यात वाईच्या घरी आजीला नागीण झाली. उजव्या बरगडीखालून पाठीपर्यंत लालभडक फोडांचा पट्टा उठला. मी आठ वर्षांची होते आणि आजीच्याच अंथरुणात झोपत असे. पलीकडच्या आळीतल्या एका म्हाताऱ्या बाबांना बोलावणं गेलं. ते पितळेच्या वाटीत काव कालवून आले, ओठांतल्या ओठांत पुटपुटत त्यांनी फोडांभोवती रेघ ओढली आणि सांगून गेले, की नागिणीचं तोंड आणि शेपटी एकमेकांना भिडली नाहीत तर जीवाला धोका नाही. पुढचे आठ दिवस रोज सकाळी मी आजीच्या मागे बसून त्या दोन टोकांमधलं अंतर वितीनं मोजत होते, अंगाला हात न लावता.

ती टोकं भिडणारच नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. नागिणीचा विषाणू मणक्याजवळ, मज्जातंतूच्या मुळाशी बसलेला असतो. तो जागा झाला की त्याच तंतूच्या वाटेनं कातडीवर येतो आणि तो तंतू शरीराच्या एकाच बाजूचा असतो. म्हणून पट्टा पाठीच्या कण्यापाशी सुरू होतो आणि पोटाच्या मध्यावर येऊन थांबतो. काव लावणाऱ्या बाबांनी आम्हाला ज्या गोष्टीची भीती घातली ती सहसा घडतच नाही. जी घडते तिच्याबद्दल मात्र कुणीच काही सांगितलं नाही.

महिन्याभरात फोड वाळले, खपल्या पडल्या. घरातल्यांनी नारळ फोडला. आजीचं खरं दुखणं तिथून पुढे सुरू झालं. तिला चोळी सोसेना. खणाची चोळी अंगात घातली की ती ओठ मिटून घ्यायची आणि दोन मिनिटांत गाठ सोडायची. मग आजोबांच्या जुन्या धोतराचा एक तुकडा, धुऊन धुऊन सायीसारखा मऊ झालेला, ती कुशीला लावून ठेवायची आणि पदर बोटभर वर उचलून धरून माजघरात भिंतीशी बसायची. पंख्याचा वारासुद्धा तिला टोचायचा. "निखारा फिरवतंय गं कुणीतरी," एवढंच म्हणायची.

"जखम तर भरली की. आता काय दुखतंय?" हे वाक्य त्या घरात किती वेळा उच्चारलं गेलं याची गणती नाही. काकू म्हणाली, शेजारणी म्हणाल्या, बाजारपेठेतले डॉक्टर म्हणाले. माझे वडीलही म्हणाले. वय झालं, कामातून लक्ष उडालं, मनाचे खेळ आहेत. कोवळी, गुलाबी, नवी कातडी सगळ्यांना दिसत होती. मला आणखी एक गोष्ट दिसली होती. एकदा पाणी देताना माझी वेणी तिच्या कुशीला निसटती लागली आणि तिथली कातडी, माशी बसल्यावर गाईच्या अंगाची थरथरते, तशी थरथरली. मनाच्या खेळानं कातडी अशी थरथरत नाही, हे आठ वर्षांच्या मुलीलाही कळत होतं. पण मला कुणी विचारलं नाही.

तिचे फोड वाळत आले होते तेव्हा मला कांजिण्या आल्या. अंथरुणावर कडुलिंबाचा पाला अंथरला, आणि स्वतःची कुशी एका हातानं सांभाळत आजीच दुसऱ्या हातानं माझ्या अंगावरून पाला फिरवत राहिली. दोन्ही आजारांचा विषाणू एकच. ज्याला कांजिण्या होऊन गेलेल्या नाहीत, त्याला नागिणीच्या ओल्या फोडांतून कांजिण्या होऊ शकतात. कांजिण्या बऱ्या होतात, विषाणू मात्र मज्जातंतूंच्या मुळाशी जन्मभर झोपून राहतो. आजीकडून मला तिचे केस आले, गोधडीचा टाका आला, आणि बहुधा हेही तिच्याकडूनच आलं.

ते माझ्या अंगात त्रेचाळीस वर्षं झोपलं. वाईची शाळा, पुण्याचं कॉलेज, लग्न, १९९३ साली न्यू जर्सीला येणं, दोन बाळंतपणं, सार्वजनिक वाचनालयातली नोकरी, या सगळ्यातून ते माझ्याबरोबर निमूट आलं. २०१६ च्या ऑक्टोबरात ते जागं झालं.

पहिले चार दिवस मी पाठीत उसण भरली म्हणून शेकत बसले. विषाणूवरच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून बहात्तर तासांच्या आत सुरू झाल्या तर जास्त उपयोगी पडतात. मी गेले पाचव्या दिवशी. फोड गेले, नाताळ आला, आणि एका सकाळी कामावर जायला ब्लाउज चढवताना डाव्या कुशीवर शिवणीची रेघ टेकली. मी पलंगाच्या कडेवर बसले. आजीचं ओठ मिटणं मला त्या क्षणी माझ्या स्वतःच्या तोंडावर जाणवलं. त्यानंतर किती तरी महिने मी नवऱ्याचा जुना बनियन उलटा घालून, म्हणजे शिवण बाहेर ठेवून, त्यावर ढगळ कार्डिगन चढवून वाचनालयात जात होते.

डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं: पोस्ट-हर्पेटिक न्यूराल्जिया. नुसत्या कापडाच्या स्पर्शानं वेदना होण्यालाही नाव आहे, ॲलोडायनिया. तंतू इजा झाल्यामुळे बिघडलेला असतो आणि कातडीवर काहीही नसताना मेंदूला आगीचे निरोप पाठवत राहतो. हे ऐकताना मला रडू आलं. त्या समजल्या असतील, दुखण्यानं. खरं तर मी माजघरातल्या भिंतीशी बसलेल्या बाईसाठी रडत होते. तिच्या दुखण्याला नाव होतं आणि ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आधी गॅबापेन्टिन दिलं. ते वाढवत दिवसाला १८०० मिलिग्रॅमपर्यंत नेलं. आग थोडी उतरली, पण पावलं सुजली, जिन्यात तोल जाऊ लागला. वाचनालयाच्या काउंटरवर रोज येणाऱ्या माणसाचं नाव जिभेवर येईना. मार्च २०१७ मध्ये त्यांनी प्रीगॅबालिन लिहून दिलं, ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. हे औषध १९८९ च्या सुमारास नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात रिचर्ड सिल्व्हरमन यांच्या प्रयोगशाळेत प्रथम तयार झालं. तंतूंच्या टोकाशी कॅल्शियमचा जो शिरकाव होतो तो ते कमी करतं आणि त्यांची अवाजवी बडबड शांत होते. नागिणीनंतरच्या दुखण्यासाठी अमेरिकेत त्याला २००४ च्या अखेरीस मान्यता मिळाली होती. म्हणजे माझं दुखणं आणि हे औषध यांची जोडी सरकारदप्तरी बारा वर्षांपूर्वीच लागलेली होती.

औषधांच्या दुकानातल्या मुलीनं संगणकाकडे बघून मान हलवली. 'प्रायर ऑथरायझेशन' लागेल. विमा कंपनीची आगाऊ परवानगी. ती नको असेल तर रोख भरा, महिन्याच्या साठ कॅप्सूलना चारशे डॉलरच्या पुढे. मी परवानगीची वाट पाहिली. दहा दिवसांनी पत्र आलं. पांढरा लिफाफा, काचेच्या खिडकीतून दिसणारं माझं नाव, आत तीन पानं. सदर औषध वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असल्याचं दिसून येत नाही. आधी गॅबापेन्टिन पुरेशा मात्रेत, मग ट्रायसायक्लिक गटातलं जुनं नैराश्यावरचं औषध, आणि दोन्हींनी भागलं नाही तरच हे. याला 'स्टेप थेरपी' म्हणतात. स्वस्तातली पायरी चढून, तिथे पडून दाखवल्याशिवाय पुढची पायरी मिळत नाही.

पहिल्या पायरीवरून मी पडले होते. दुसरी मला चढताच येत नव्हती, कारण मला अरुंद कोनाचा काचबिंदू आहे आणि त्या गटातल्या औषधांनी डोळ्यातला दाब एकदम वाढू शकतो. दोन्ही गोष्टी माझ्या कागदपत्रांत होत्या. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ते पत्र पुन्हा वाचलं, आणि इंग्रजीतल्या त्या घडीव वाक्यामागून मला काकूचा आवाज ऐकू आला. जखम तर भरली की.

विमा कंपनीतला माणूस दुष्ट असतो असं मला वाटत नाही. त्यानं मला पाहिलेलंच नसतं. काकूनं तर आजीला रोज पाहिलं होतं, तरी तिनं तेच म्हटलं. उघड्या जखमेची बाजू जखमच मांडते. आतल्या तंतूच्या दुखण्याला मात्र वकील लागतो, आणि ज्याला दुखतंय त्यालाच तो व्हावं लागतं, तेही रात्री धड झोप नसताना. हा अन्याय आहे. तो मला तेव्हाही अन्यायच वाटला आणि आजही वाटतो.

डॉक्टरीणबाईंच्या नर्सनं मला अपिलाची वाट दाखवली. नकारापासून १८० दिवसांच्या आत कंपनीकडेच अपील करायचं. तिथेही नकार आला, तर चार महिन्यांच्या आत बाहेरच्या, कंपनीशी संबंध नसलेल्या तपासणाऱ्यांकडे जायचं. त्यांचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. हा हक्क २०१० च्या आरोग्य कायद्यानं देशभर दिला, पण बहुतेक लोक तिथवर पोचतच नाहीत. पुढे केएफएफ या संस्थेनं काढलेले आकडे वाचनात आले. सरकारी संकेतस्थळावरून विकल्या जाणाऱ्या विमा योजनांनी २०२३ साली आपल्या जाळ्यातल्या डॉक्टर-रुग्णालयांचा सुमारे पाचातला एक दावा नाकारला, आणि नाकारल्या गेलेल्यांपैकी शंभरातल्या एकानंही अपील केलं नाही. मला त्या नव्व्याण्णवांचा राग येत नाही. दमलेला माणूस लिफाफा ड्रॉवरमध्ये टाकून देतो.

नर्स म्हणाली, रोजच्या वेदनेची नोंद ठेव, शून्य ते दहा. मी वही घेतली आणि अडले. माझं दुखणं मराठीत दुखत होतं. कळ येते आणि जाते. ठणका नाडीबरोबर चालतो. चमक एका जागी निघते आणि दुसरीकडे पोचते. सणक डोळ्यांत पाणी काढून थांबते. मुंग्या, टोचणी, हुळहुळ, भगभग या सगळ्यांची घरं वेगळी आहेत. सकाळी भगभग आणि मधूनच चमक, संध्याकाळी नुसती हुळहुळ पण कापड सोसत नाही, हे सहा की आठ? मी डाव्या पानावर मराठी शब्द लिहू लागले आणि उजव्या पानावर आकडा. अपिलाला उजवी पानं जोडली. डावी अजून माझ्याकडे आहेत.

त्या मे महिन्यात ताईचा पुण्याहून फोन आला. तिनं कोपऱ्यावरच्या दुकानात चौकशी केली होती. तीच कॅप्सूल, भारतीय कंपन्यांची, एकेक दहा-पंधरा रुपयांना. "इथं विमा असल्या गोळ्यांचे पैसे देतच नाही, पण त्या परवडतात तरी. मी पार्सल करते, तू कुणाला विचारूच नकोस." रात्री दोन वाजता उठून बसलेल्या बाईला याचा मोह होणार नाही, असं कुणी समजू नये. पण अमेरिकेत हे नियंत्रित औषधांच्या यादीत आहे, आणि तिचं पार्सल कस्टम्समध्ये उघडलं गेलं असतं तर प्रश्न माझ्याबरोबर तिलाही विचारले गेले असते. मी नको म्हटलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ स्वतःला बजावत राहिले, की हे माझं बरोबर आहे.

कंपनीनं अपील फेटाळलं. आमच्या डॉक्टरीणबाईंनी आपली जेवणाची सुट्टी घालवून कंपनीच्या डॉक्टरशी फोनवर बोलणं केलं, त्यानंही काही हललं नाही. मग राज्याच्या विमा खात्यामार्फत बाहेरच्या तपासणीचा अर्ज केला. त्याला जोडायच्या पत्रात मी पहिल्यांदाच आकडे बाजूला ठेवले. उलट्या बनियनबद्दल लिहिलं. थंडीत अंगावर पांघरूण घेता येत नाही, हे लिहिलं. डोळ्यांच्या डॉक्टरांचं पत्र, गॅबापेन्टिनच्या मात्रांच्या तारखा, सुजलेल्या पावलांची नोंद, सगळं अनुक्रमे लावलं. वाचनालयात वर्षानुवर्षं पुस्तकं लावणाऱ्या हाताला तेवढं येत होतं.

सप्टेंबरात उत्तर आलं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी लिहिलं होतं की पहिलं औषध पुरेशा मात्रेत देऊन झालं आहे, दुसरं या रुग्णाला देणं धोक्याचं आहे, सबब हे औषध आवश्यक आहे. 'आवश्यक' हा शब्द मी बोटानं शोधून पुन्हा वाचला. दुसऱ्या दिवशी दुकानातल्या त्याच मुलीनं नारिंगी-पांढऱ्या कॅप्सूलची बाटली काउंटरवर ठेवली.

आग विझली नाही, राखेखाली गेली. तीन आठवड्यांनी मी ब्लाउज घातला आणि संध्याकाळपर्यंत अंगावर ठेवला. परवानगी एका वर्षाची होती. दर वर्षी पुन्हा तेच कागद, तोच फॅक्स, तीच धाकधूक. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेत प्रीगॅबालिनची जेनेरिक औषधं आली, किंमत कोसळली, आणि माझ्या दुखण्याच्या खरेपणाबद्दलचे प्रश्नही थांबले.

पण २०१७ च्या त्या सप्टेंबरात, उत्तर आलं त्या रात्री, मी वाईला वडिलांना फोन केला. ते ब्याऐंशी वर्षांचे होते. पत्रात काय लिहिलंय ते मी मराठीत करून सांगितलं. मग म्हणाले, त्या आजाराचं नाव पुन्हा सांग. मी हळूहळू, तोडून सांगितलं. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं असावं, कारण मध्ये बराच वेळ फक्त घड्याळाची टिकटिक येत होती.

"आईला आम्ही फार बोललो," ते म्हणाले.

मी गप्प राहिले.

"ते धोतर मीच फाडून दिलं होतं तिला. कडेची शिवण आधी काढली. ती टोचते म्हणाली होती."