बोक्याच्या डोक्यावरचा ढग

बालमित्रांनो, तुमच्या घरी मांजर आहे का? आपण जेवायला बसलो की ते आधी ताटाकडे आणि मग आपल्या तोंडाकडे टक लावून बघतं. तेव्हा ते मनात काय म्हणत असेल बरं?

माझ्याकडे एक बोका आहे. मी त्याला आणलेला नाही हं! मी बिद्रीत खोली भाड्यानं घेतली तेव्हा तो आधीपासूनच तिथं राहत होता. म्हणजे खोली त्याची, भाडं मी देतो! त्याचा रुबाब बघून पोरांनी त्याचं नाव ठेवलं ‘फौजदार’. दुधावरची साय फस्त करायची, तपासायच्या वह्यांच्या गठ्ठ्यावर ताणून द्यायची आणि सकाळी शेपटी उभी करून माझ्याआधी शाळेत हजर व्हायचं, हा त्याचा दिनक्रम. रात्री मात्र स्वारी कुठंतरी गायब असायची. कुठं, ते मला बरेच दिवस कळलं नव्हतं.

आमचं बिद्री कागल तालुक्यात. इथल्या सहकारी साखर कारखान्याला दूधगंगा आणि वेदगंगा या दोन नद्यांचं नाव आहे. दिवाळीच्या आगेमागे कारखान्याच्या चिमणीतून धूर निघायला लागला, की बीडकडची ऊसतोडणी करणारी कुटुंबं येतात. माळावर त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. त्यांची मुलं चार-पाच महिने आमच्या शाळेत बसतात आणि हंगाम संपला की निघून जातात.

अशाच एका हंगामात एक मुलगा माझ्या चौथीच्या वर्गात आला. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, “गुरुजी, मपली वही घरी ऱ्हायली.” त्याच्या गावाकडं ‘माझी’ला ‘मपली’ म्हणतात. पण आमची पोरं खो-खो हसली. खरं सांगू? मीसुद्धा गालातल्या गालात हसलो. आणि त्यानं ते पाहिलं.

त्या दिवसापासून त्याचं तोंड बंद झालं. मी रोज त्याला फळ्यापाशी उभं करायचो आणि म्हणायचो, “वाच.” तो पुस्तक धरून नुसता उभा राहायचा. मला वाटायचं, मी त्याच्या भल्यासाठीच करतोय. शेवटी मी माझ्या टाचणवहीत लिहून टाकलं, ‘वाचता येत नाही.’

एका शनिवारी मी माझी जुनी वही वर्गात नेली. लहानपणी मी ‘सकाळ’मधला ‘चिंटू’ कापून तिच्यात चिकटवत असे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा हा चिंटू 1991 साली सुरू झाला. तीन-चार चौकटींत अख्खी गोष्ट! पोरं वहीवर तुटून पडली.

मग मी त्यांना एका परदेशी मांजराची ओळख करून दिली. त्याचं नाव गारफिल्ड. नारिंगी रंगाचा, लठ्ठ आणि महाआळशी बोका. जॉन नावाचा एक साधाभोळा माणूस त्याला सांभाळतो. म्हणजे जॉनला तसं वाटतं! खरं तर बोकाच जॉनला नाचवतो. त्याच्या ताटातलं पळवतो, ओडी नावाच्या कुत्र्याला टेबलावरून लाथ मारून खाली पाडतो आणि सोमवार आला की वैतागतो. ना शाळा, ना ऑफिस, तरी सोमवारचा एवढा राग!

हा बोका काढणारे जिम डेव्हिस अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एका शेतावर वाढले. घरी गाई होत्या आणि पंचवीसेक मांजरं होती. लहानपणी त्यांना दमा होता. बाकीची पोरं बाहेर हुंदडायची तेव्हा हे घरात पडून चित्रं काढायचे. मोठेपणी त्यांनी आधी एका किड्यावर चित्रमालिका काढली, पण ती फारशी कुणी घेतली नाही. मग त्यांच्या लक्षात आलं, चित्रमालिकांत कुत्री भरपूर आहेत, मांजरं मात्र कमी. 19 जून 1978 रोजी गारफिल्ड पहिल्यांदा 41 वर्तमानपत्रांत छापून आला. पुढं 2002 साली गिनीज बुकात त्याच्या नावावर विक्रम लागला. तोवर तो अडीच हजारांहून जास्त वर्तमानपत्रांत पोचला होता!

आता यातली खरी गंमत ऐका. गारफिल्ड तोंडानं बोलतच नाही. जॉनचं बोलणं साध्या फुग्यात असतं. बोक्याच्या डोक्यावर मात्र ढग असतो आणि ढगाखाली बारीक बारीक गोळे. तो ढग म्हणजे मनातलं बोलणं. ते आपल्याला दिसतं, समोर बसलेल्या जॉनला दिसत नाही. म्हणूनच आपल्याला हसू येतं.

मी पोरांना सांगितलं, “तीन चौकटी आखा. एक माणूस काढा आणि त्याचं एक खोडकर जनावर काढा. अट एकच. जनावरानं बोलायचं नाही, फक्त ढग काढायचा.”

वर्गात नुसता धिंगाणा! एकीनं आजोबा आणि म्हैस काढली. आजोबा म्हणतात, ‘माझी म्हस लई गुणाची!’ म्हशीच्या ढगात लिहिलं होतं, ‘आधी पेंड ठेवा, मग गुणाचं बघू.’

त्या मुलानंही पान भरलं होतं. मी ते हातात घेतलं. पहिल्या चौकटीत ही भली मोठी मिशी लावलेला मी आणि टेबलावर फौजदार. मी ओरडतोय, ‘वाच!’ बोक्याच्या ढगात होतं, ‘झालं सुरू.’ दुसऱ्या चौकटीत मी म्हणतोय, ‘ह्याला वाचता येत नाही.’ इथं बोका नुसता जांभई देत होता. तिसऱ्या चौकटीत रात्र होती. कोपीत एक मुलगा पुस्तक धरून बसलेला आणि समोर वाटीतलं दूध पिणारा फौजदार. त्याच्या ढगात लिहिलं होतं, ‘येतंय की. रोज मला वाचून दावतो. मी हसत नाही.’

मिशी बघून पोरं हसली होती. तिसरी चौकट वाचली आणि सगळी चिडीचूप झाली. मला काय बोलावं सुचेना. माझा बोका रात्री कुठं जातो ते त्या दिवशी कळलं. आणि मी कुठं चुकलो तेही.

मी त्याच्या बाकापाशी खाली बसलो आणि म्हणालो, “बाळा, चुकलं माझं. मीपण हसलो होतो.” तो काही बोलला नाही. नुसती मान हलवली.

सोमवारी मी त्याला फळ्यापाशी बोलावलं नाही. फौजदाराला मात्र त्याच्या बाकावर ठेवलं. तो बोक्याला वाचून दाखवायला लागला, आधी कुजबुजत, मग जरा मोठ्यानं. कुठं अडखळायचा, पण थांबायचा नाही. शेजारची पोरं कान देऊन ऐकत होती. पुढं आम्ही फळ्यावर त्याच्या गावचे शब्द आणि आमचे शब्द शेजारी शेजारी लिहायला लागलो. ‘मपली’ सगळ्यात वर होतं.

हंगाम संपला. एका सोमवारी त्याची जागा रिकामी दिसली. गारफिल्डला सोमवार का आवडत नसेल, ते मला तेव्हा समजलं. फौजदार त्या आठवड्यात रोज रात्री माळावर जाऊन परत येत होता. मी टाचणवहीतली ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं, ‘छान वाचतो. आपण नीट ऐकायला हवं.’

मुलांनो, तुमच्या वर्गातही कुणीतरी गप्प बसणारं असेल. त्याला ‘मुका’ म्हणून चिडवू नका. त्याच्या डोक्यावरही एक ढग आहे, आपल्याला तो दिसत नाही एवढंच. आणि पालकहो, हे तुमच्यासाठीही आहे बरं का! आज तीन चौकटी आखून घरातल्या लेकराच्या हाती पेन्सिल द्या. चित्रातली मिशी तुमचीच निघाली, तर रागावू नका. तिसरी चौकट नीट वाचा.