एवढं जरा काढून द्या

माणसाला नेमकं काय येतं हे कळायला पडेगावात वेळ लागतो, पण त्याला काहीतरी येतं ही बातमी तासाभरात पोचते. आमच्या कॉलनीत एकाला विजेच्या बिलातली गडबड शोधता येते, एकाला जमिनीतलं पाणी नारळावर दाखवता येतं आणि मला, म्हणे, फोटो दुरुस्त करता येतो.

त्याचं झालं असं. नोकरीतून मोकळा झाल्यावर माझा वेळ जाईना आणि घरातल्यांना माझा वेळ सोसवेना. तेव्हा पुतण्याने आमच्या जुन्या संगणकावर 'गिंप' नावाचा एक प्रोग्राम टाकून दिला. नाव ऐकून मी बिचकलो. एखाद्या घशाच्या औषधाचं वाटलं. पण पुतण्या म्हणाला, "काका, फुकट आहे." त्याबरोबर ते नाव मला एकदम भारदस्त वाटू लागलं. त्याचा थोरला भाऊ फोटोशॉप. तो १९९० साली बाजारात आला आणि आता दर महिन्याला भाडं मागतो. गिंप मात्र अमेरिकेतल्या दोन विद्यार्थ्यांनी कॉलेजात असताना लिहिलं आणि १९९६ साली जगाला वाटून टाकलं. आमच्या वेळी कॉलेजातली मुलं फार तर वह्या वाटायची, त्याही दुसऱ्यांच्या.

बातमी फुटली आणि लोक यायला लागले. गंमत पाहा, फोटोत अमुक घाला असं म्हणत फारसं कोणी येत नाही. येणारा प्रत्येक जण फोटोवर बोट ठेवतो आणि म्हणतो, "एवढं जरा काढून द्या." जावयाच्या खांद्यामागून डोकावणारा शेजारी काढायचा असतो. गच्चीवर वाळत घातलेला लेंगा काढायचा असतो. एका साखरपुड्याच्या फोटोतून तर शेळी काढायची होती. पडेगावात राज्याच्या शेळी-मेंढी महामंडळाचं प्रक्षेत्र आहे हे खरं, पण ही शेळी खाजगी होती. सरकारी शेळी निमंत्रण नसताना इतक्या लगबगीने आली नसती.

शेळी काढायची म्हणजे पुसायची नसते. पुसली तर तिथे शेळीच्या आकाराचं भोक पडतं आणि पाहणारा विचारतो, "इथे शेळी होती का?" खरी युक्ती अशी की शेजारची भिंत उचलून शेळीवर लिंपायची. गिंपमध्ये त्यासाठी शिक्क्यासारखं एक हत्यार आहे. कंट्रोलची कळ दाबून चांगल्या भिंतीवर टिचकी मारायची, म्हणजे ती भिंत त्या शिक्क्याला लागते. मग शेळीवर हलके हलके दाबत जायचं. शिक्क्याची कड मऊ ठेवायची आणि दर चार ठशांनंतर भिंतीचा नवा तुकडा उचलायचा. आळस करून एकाच जागेची भिंत उचलत राहिलं, तर पोपडा गेलेला तोच डाग ओळीने पाच वेळा उमटतो आणि भिंतीला देवी आल्यासारख्या दिसतात. शेळी गेली. तिचा एक कान नवरदेवाच्या कोपराला चिकटला होता, त्यात माझी एक अख्खी दुपार गेली.

मुलीच्या वडिलांनी फोटो निरखला आणि हळूच विचारलं, "हे कायद्याने चालतं ना?" मी त्यांना पिरॅमिडांची गोष्ट सांगितली. 'नॅशनल जिऑग्राफिक' हे केवढं नावाजलेलं मासिक! त्यांचा फोटो होता आडवा आणि मुखपृष्ठ उभं. म्हणून फेब्रुवारी १९८२ च्या अंकावर त्यांनी संगणकाने इजिप्तचे दोन पिरॅमिड सरकवून जवळ आणले. हजारो वर्षं जागचे न हललेले पिरॅमिड कागदाच्या सोयीसाठी हलले आणि त्यावरून पुढे पुष्कळ बोंबाबोंब झाली. आपण तर नुसती शेळी हलवली. गृहस्थांचं समाधान झालं. त्यांनी लगेच विचारलं, "मग व्याह्यांना थोडं मागे सरकवता येईल का?"

संगणकालाच दोष देण्यात मात्र अर्थ नाही. इंग्लंडमधल्या हेन्री पीच रॉबिन्सन नावाच्या फोटोग्राफरने १८५८ साली पाच निगेटिव्ह जोडून एका मरणासन्न मुलीचा एकच फोटो तयार केला होता. राजा दीनदयाळ निजामासाठी आमच्या दौलताबादचे, वेरूळचे फोटो काढत होते त्या काळातही स्टुडिओतून काचेच्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून गिऱ्हाइकाच्या सुरकुत्या घालवायची पद्धत होतीच. तेव्हा पेन्सिलवाल्याला पैसे मोजत. मला चहा मिळतो.

दौलताबादवरून आठवलं. आमच्याकडे आलेला प्रत्येक पाहुणा मिटमिट्यावरून पुढे दौलताबादला जातो आणि चांदमिनार वाकडा करून परत येतो. पंधराव्या शतकापासून सरळ उभा असलेला तो मिनार फोनमध्ये शिरताच कलतो, याला कारण फोन धरणारा हात. फोटो फिरवून सरळ करणं ही नवशिक्याची सगळ्यांत सोपी युक्ती आहे, फक्त कोपरे कापले जातात. मिनार सरळ झाला की कडेला उभे असलेले मेहुणे अर्धे होतात. प्रत्येक घरात असा एक कडेला उभा राहणारा मेहुणा असतोच. कापाकापीत पहिला तो जातो आणि तक्रारही करत नाही.

स्थळांना पाठवायचे फोटो हे वेगळं प्रकरण. आई म्हणते, "जरा उजळ करा." मी सबंध फोटो उजळतो, भिंत, साडी, कुंडीसकट. नुसता चेहरा उजळत नाही. तसा उजळलेला चेहरा मानेपाशी येऊन थांबतो आणि मान मूळच्याच घरची राहते. एका मुलीने तर माझं काम वाचवलं. ती आईला म्हणाली, "फोटो पाहून मुलगा घरी आला, की दिवे घालवून बसायचं का?" आई मुकाट्याने फोटो घेऊन गेली. त्यानंतर ती मुलगी भेटली की मी तिला आपणहून नमस्कार करतो.

चौकातल्या फ्लेक्सबद्दल बोलत नाही. तिथे वाढदिवसाच्या एका फलकावर चाळीस शुभेच्छुकांची मुंडकी एकाच उजेडात, एकाच गोरेपणाने चमकतात. ते खातं माझ्या कुवतीबाहेरचं आहे.

तर एके दिवशी मागच्या गल्लीतल्या आजी आल्या. ऐंशी ओलांडलेल्या. साठीनंतर मला 'लेकरा' म्हणणारं पडेगावात एवढं एकच माणूस उरलं आहे. पदराच्या गाठीतून काढावा तसा त्यांनी पिशवीतून एक फोटो काढला. वैजापूरकडच्या कुठल्याशा लग्नातला, चाळीसेक वर्षांपूर्वीचा. पुढे खुर्च्यांवर पाच फेटेवाले, मागे उभे असलेले दहा-बारा जण.

"ह्ये आमचे मालक," आजींनी मागच्या रांगेत बोट ठेवलं. "ह्यायचा दुसरा फोटूच न्हाई. भिंतीवर लावायचा हाय. मोठा करून दे."

मालकांचं डोकं करंगळीच्या नखाएवढं होतं आणि त्यातही त्यांच्या पुढ्यात बसलेल्या फेटेवाल्याचा तुरा ताठ उभा राहून त्यांचा डावा डोळा आणि डावा गाल गिळून बसला होता.

"आन् ह्यो तुरा तेवढा काढून टाक."

"हे कोण, आजी?"

आजी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "दीर." तो एक शब्द त्यांनी असा उच्चारला, की सातबारा, बांध, कोर्टाच्या तारखा सगळं मला न सांगता कळलं. हातभर बांधासाठी दोन घरांत वीस वर्षं बोलणं नव्हतं. आता दोघेही भाऊ गेले. बांध आहे. "थोरला मागं उभा आन् ह्यो पुढं बसला, तुरा काढून. तवाच कळाया पायजे व्हतं."

मी कामाला लागलो. नवशिक्यांना सांगतो, जुना फोटो फोनने टिपून मोठा करू नका. मोठा होतो तो धुरळा. मूळ प्रत स्कॅनरवर ठेवायची. मालकांचं डोकं जेमतेम एक सेंटिमीटर. इंचाला १२०० ठिपके या मापाने स्कॅन केलं तेव्हा पावणेपाचशे ठिपक्यांचा चेहरा हाती आला. तीन इंच छापायचा तर इंचाला दीडशेच्या वर पडतात. भिंतीवर, चार पावलांवरून बघायला पुरे. मूळ फाइल जपून ठेवायची आणि काम नकलेवर करायचं. जेपेग फाइल दर वेळी उघडून, बदलून जतन केली की थोडी थोडी झिजते, झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखी. बदल वेगळ्या थरांवर करायचे. थर म्हणजे नकाशावर ठेवलेला ट्रेसिंग कागद. त्यावर कितीही खाडाखोड करा, खालचा गाव जागेवर राहतो.

घड्या गेल्या, बुरशीचे ठिपके गेले, कपाळावरची ओरखड गेली. राहिला तुरा. शेळीच्या मागे भिंत होती, ती मला दिसत होती, म्हणून मी ती लिंपू शकलो. तुऱ्याच्या मागे काय होतं ते या जगात फक्त आजींना ठाऊक होतं, आणि त्यांना गिंप येत नाही.

पुतण्या सुट्टीला आला होता. तो म्हणाला, "सोपं आहे, काका." त्याने उजवा अर्धा चेहरा उचलला, आरशासारखा उलटा केला आणि तुऱ्यावर बसवला. दोन मिनिटांत मालक पूर्ण झाले. आजींना बोलावलं. आजींनी चष्मा पुसला, पडद्याजवळ वाकल्या आणि म्हणाल्या, "ह्यो कोन?"

"आजोबा!"

"मालकाचा डावा डोळा बारीक व्हता. ल्हानपनी बैलानं शिंग मारलं व्हतं. इतकं सरळ ते कुनाकडंच बघत नव्हते."

पुतण्या हार मानणारा नाही. त्याने फोटो फोनमध्ये घेतला, हल्लीच्या त्या कृत्रिम बुद्धिमत्तेला 'तुरा काढ, बाकी चेहरा पूर्ण कर' असं फर्मावलं आणि फोन आजींसमोर धरला. तुरा नाहीसा झाला होता. त्या जागी तुकतुकीत गाल, भरघोस भुवई आणि दूरदर्शनच्या मालिकेतल्या सासऱ्याला शोभेल असा टपोरा डोळा आला होता. आजींनी फोनकडे बघितलं आणि झटकन डोक्यावरून पदर पुढे ओढून घेतला. परक्या पुरुषासमोर ओढतात तसा.

पुतण्याने फोन खिशात ठेवला. पुढे काही वेळ कोणी बोललं नाही. बायकोने चहा आणला.

चहा बशीत ओतता ओतता आजी म्हणाल्या, "ह्यो तुरा काढला की मालक बी जातेत, आसं हाय का?"

"अर्धे जातात, आजी. अर्धे आपण आपल्या मनाने करायचे."

"न्हाई, मनानं नगं." बशी रिकामी झाली. "ऱ्हाऊ दे मेला."

तेव्हा मी मालकांचा अर्धा चेहरा जसा होता तसा मोठा केला, उजेड थोडा वाढवला आणि आजूबाजूची वऱ्हाडी मंडळी कापली. तुरा ठेवला. छावणीतून चौकट करून आणली, दिवाणावरच्या भिंतीला खिळा ठोकला. आजींनी झेंडूचा हार दिला आणि त्यातली उजवी माळ कुठे लोंबली पाहिजे ते खालून हाताने दाखवलं. माळ दोन बोटं आत ओढली की फुलं बरोबर तुऱ्यावर येतात आणि झेंडूंच्या कडेने मालक एका डोळ्याने घरात बघतात. शिक्का नाही, थर नाही, दहा रुपयांचा झेंडू.

दसऱ्याला हार बदलायला मलाच बोलावणं येतं. मी स्टुलावर चढून जुना हार उतरवतो. नवा वर येईपर्यंत मिनिटभर तुरा उघडा पडतो. आजी खालून त्याच्याकडे बघतात, "मेल्या, बसलाच का आजून पुढं?" म्हणतात आणि मग मला सांगतात, "उजवीकडची माळ जरा आत घे, लेकरा."