फॉर्मवरचे ६४ किलो

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये माझं वजन ७१ किलो होतं. हा आकडा कॉलेजच्या मासिकात छापून येणार आणि मुलांच्या होस्टेलमध्ये मेसच्या टेबलावर मोठ्याने वाचला जाणार, याची पूर्ण कल्पना आहे. रूममेटने तर 'वेडी आहेस का?' असंच विचारलं. पण जे सांगायचंय ते हा आकडा लपवल्यामुळेच घडलं. तेव्हा सुरुवात तिथूनच. हसून घ्या, मग पुढे वाचा.

कॉलेजपासून सहा-सात किलोमीटरवर एक रायडिंग क्लब आहे. बस शेवटच्या स्टॉपवर सोडते, पुढे उसाच्या शेतांमधून चालत जायचं. पहिल्या वर्षापासून दर शनिवार-रविवार पहाटे मी तिथे जाते. शिकवायला घोडदळातून निवृत्त झालेले एक रिसालदार आहेत, साताऱ्याकडचे. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे सॅडलला खोगीर, स्टिरपला रिकीब, पोटाखालून आवळायच्या पट्ट्याला तंग आणि ट्रॉटला दुडकी म्हणतात हे मला कॉलेजात आल्यावर घोड्याच्या पाठीवर बसून कळलं! एक शब्द मात्र असा मिळाला की त्यापुढे इंग्रजी फिकं पडावं. मांड. इंग्रजीत 'सीट' म्हणतात, पण सीट काय, एस.टी.ची पण असते. 'मांड पक्की नाही' असं उस्ताद म्हणाले की मांडीपासून कमरेपर्यंत, मानेपर्यंत काय काय चुकतंय ते सगळं त्यात आलं.

क्लबमध्ये दरवर्षी जुलैत फॉर्म भरायचा. नाव, रक्तगट, पालकांचा फोन, वजन. पहिल्या वर्षी मी ६४ लिहिलं, ते खरं होतं. दुसऱ्या वर्षीही ६४. तिसऱ्या वर्षीही ६४. मधल्या काळात मेसचा रविवारचा गोड पदार्थ, गेटवरचा वडापाव आणि सबमिशनच्या रात्रीची मॅगी यांनी आपापलं काम केलं होतं, पण पेन त्या रकान्यावर आलं की हात आपोआप जुनाच आकडा लिहायचा. शाळेत आम्हाला सिस्टर सांगायच्या की खोटं न बोलणं वेगळं आणि खरं सांगणं वेगळं. मला तेव्हा दोन्ही एकच वाटायचं.

त्या आकड्यावरून उस्तादांनी मला बिजली दिली. काठेवाडी घोडी, अंगाने हलकी, कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकलेली. जानेवारीत क्लबची स्पर्धा होती, थोडं ड्रेसाज आणि छोट्या उड्या. मला त्यात बिजलीवरच उतरायचं होतं. ऑगस्टपासून रोज अर्धा तास जास्त सराव सुरू केला. सप्टेंबरमध्ये ती तंग आवळताना कान मागे टाकायला लागली. मग उडीनंतर पाठ ताठ करायला लागली. एकदा मान वळवून तिने माझ्या बुटाला दातही लावले. मी ते पाहिलं, समजलंही, आणि गप्प बसले. का, तर उस्तादांना सांगितलं तर ते घोडी बदलतील. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

शेवटी सईस दादांच्या लक्षात आलं. खरारा करताना खोगिराच्या मागच्या कडेखाली, कण्याच्या दोन्ही बाजूंना हात लागला की घोडी पाठ खाली घेत होती. डॉक्टर आले. तीन आठवडे खोगीर बंद. कारण विचारलं तर त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. खोगीर जरा अरुंद होतं, सराव एकदम वाढला होता आणि पाठीवर वजन जास्त होतं. यातलं कुठलं किती टक्के, ते सांगता येणार नाही म्हणाले. मला तेव्हा खोगिरावर सगळा दोष टाकायची किती घाई झाली होती!

उस्तादांनी मला चंदीची पोती तोलायच्या काट्यावर उभं केलं. ७१. मग खोगीर, बूट, हेल्मेट माझ्या हातात देऊन परत उभं केलं. ८०. ते रागावले नाहीत. 'बाळ, घोडीला फॉर्म वाचता येत नाही,' एवढंच म्हणाले आणि चहा प्यायला गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

आता मी मेकॅनिकलची विद्यार्थिनी. रडून झाल्यावर टेप घेऊन आले. घोड्याचं वजन काटा नसतानाही काढता येतं, मंडळी! पुढच्या पायांमागून छातीचा घेर घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतच्या लांबीने गुणायचं आणि ११,८८० ने भागायचं. मापं सेंटिमीटरमध्ये, उत्तर किलोत. बिजलीचा घेर १६०, लांबी १५८. उत्तर आलं साधारण ३४०. म्हणजे माझे ८० किलो तिच्या वजनाच्या साडेतेवीस टक्के झाले. अमेरिकेत ओहायोमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. आठ घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के ओझं ठेवून त्यांना चालवलं. १५ आणि २० टक्क्यांपर्यंत फारसा फरक दिसला नाही. २५ आणि ३० टक्क्यांना हृदयाचे ठोके जास्त वाढले, नंतर स्नायू दुखरे आणि आखडलेले सापडले. खोगिरासकट वीस टक्के हा अंदाज घोडेवाले बरेच दिवस वापरतात, तो असा प्रयोगातही दिसला. ३४० चे वीस टक्के म्हणजे ६८. खोगीर आणि बाकी सामानाचे नऊ वजा करा. राहिले ५९. म्हणजे माझे ते फॉर्मवरचे ६४ खरे असते तरी हिशोब थोडा चुकतच होता. हे वाचून मला क्षणभर हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची लगेच लाजही वाटली.

गंमत म्हणजे एके काळी याच खेळात वजन कमी असणं हा गुन्हा होता. थ्री-डे इव्हेंटिंगच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये नियम असा होता की क्रॉसकंट्रीच्या दिवशी स्वार आणि खोगीर मिळून निदान ७५ किलो भरलेच पाहिजेत. कमी पडले तर खोगिराला शिशाचे पत्रे लावायचे. खेळाचा जन्म लष्करात झालेला, घोडा किती ओझं वाहतो हीसुद्धा परीक्षाच. या नियमाने मी बिनशिशाची पास झाले असते! बारीक अंगाच्या मुलींना मात्र पाच-दहा किलो शिसं घेऊन उड्या माराव्या लागत. १९९६ मध्ये आकडा ७० वर आला आणि १ जानेवारी १९९८ पासून नियमच गेला. हिलरी क्लेटन या घोड्यांच्या हालचालींचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिलं होतं की शिसं लावलेला घोडा उडीनंतर अडथळ्याच्या जास्त जवळ उतरतो, जास्त तिरका खाली येतो आणि पुढच्या पायांच्या सांध्यांवर ताण पडतो. सिव्हिलवाल्यांनी डेड लोड आणि लाइव्ह लोड यांच्या व्याख्या आठवाव्यात. इथे त्या उलट्या वाटतात. शिसं मेलेलं असतं, ते घोड्याला काहीच मदत करत नाही. माणूस जिवंत असतो, तो उडीबरोबर पुढे जाऊ शकतो.

जाऊ शकतो, म्हणजे गेला तर. इथेच माझं दुसरं गाढवपण येतं.

काट्यावरच्या त्या दिवसानंतर मी जेवण सोडलं. सकाळी ताक, दुपारी काकडी, रात्री एक पोळी. नऊ दिवसांत साडेतीन किलो उतरले. होस्टेलमध्ये कौतुक सुरू झालं, दोघीतिघींनी 'डाएट चार्ट दे ना' म्हणून मागणीही केली. रेसच्या जगात तर याला मोठी परंपरा आहे. तिथे जॉकीला शर्यतीआधी आणि नंतर काट्यावर बसावं लागतं. इंग्लंडचा फ्रेड आर्चर तेरा वेळा चॅम्पियन जॉकी झाला. उंच माणूस, पण उपास आणि जुलाबाची औषधं यांवर वजन दाबून ठेवलेलं. १८८६ मध्ये एका मोठ्या शर्यतीसाठी त्याने असंच वजन उतरवलं, काही दिवसांनी तापाने आडवा झाला आणि त्या आजारपणाच्या निराशेत त्याने स्वतःचा जीव घेतला. वय २९. हे मी तेव्हा वाचलेलं नव्हतं. वाचलं असतं तरी ऐकलं असतं असं नाही.

दहाव्या दिवशी दुसऱ्या घोड्यावर, गुडघ्याएवढ्या उडीपाशी डोळ्यांपुढे काळं आलं. पडले ती सरळ मातीत. हेल्मेट होतं म्हणून निभावलं. उस्तादांनी आधी माझे हातपाय हलवून बघितले, गूळ-शेंगदाणे खायला लावले, आणि मग म्हणाले, 'आधी जड पोतं होतीस, आता हलकं पोतं झालीस. घोड्याला पोतंच की गं!'

त्या वाक्यामागचं गणित मला नंतर सापडलं. दुडकीत नुसतं बसून राहिलं तर प्रत्येक टप्प्याला पाठीवरचा जोर स्वाराच्या वजनाच्या दुपटीजवळ जातो. घोड्याच्या तालावर उठबस केली तर जोराचे हे धक्के कमी होतात. रिकिबीत उभं राहून गुडघ्या-घोट्यांनी धक्का पचवला तर आणखी कमी. म्हणजे सस्पेन्शन आपणच. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्या मंडळींनी २००९ मध्ये 'सायन्स'मध्ये शर्यतीच्या घोड्यांबद्दल हेच मांडलं. १९०० च्या सुमाराला जॉकी रिकिबी आखूड करून, पुढे वाकून बसायला लागले आणि शर्यतींच्या वेळा ५ ते ७ टक्क्यांनी सुधारल्या. घोड्याला जॉकीचं वजन पेलावंच लागतं, पण प्रत्येक ढांगेला ते पुढे-मागे ढकलावं लागत नाही, कारण तेवढी हालचाल जॉकी आपल्या पायांनी झेलतो. त्या दोन मिनिटांत त्याच्या छातीचे ठोके जवळजवळ कमाल मर्यादेला पोचलेले असतात. 'घोडा पळतो, माणूस नुसता बसतो, यात कसला आलाय खेळ?' असं विचारणारे आमच्या वर्गात बरेच आहेत. त्यांनी एकदा रिकिबीत पाच मिनिटं अर्धवट उभं राहून दाखवावं. खुर्ची न घेता खुर्चीत बसल्यासारखं. फवाद मिर्झा २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला सेन्यर मेडिकॉटवर क्रॉसकंट्री करत होता तेव्हा अंतर चार किलोमीटरहून जास्त होतं आणि वेळ आठ मिनिटांच्या आतली. तो वैयक्तिक स्पर्धेत २३ वा आला. मला तो क्रमांक आधी साधा वाटला होता.

पण फिट म्हणजे काय, याचंही माझं उत्तर डळमळीत झालंय. लिस हार्टेल नावाच्या डॅनिश बाई होत्या. १९४४ मध्ये पोलिओ झाला, गुडघ्याखाली पाय कायमचे लुळे. घोड्यावर चढायला-उतरायला मदत लागायची. १९५२ मध्ये ऑलिंपिकच्या ड्रेसाजमध्ये बायकांना पहिल्यांदा पुरुषांबरोबर उतरू दिलं आणि बाईंनी रौप्यपदक घेतलं. १९५६ मध्ये परत रौप्य. त्यांना आमच्या पी.टी.च्या सरांनी कुठल्या टेस्टमध्ये पास केलं असतं? ज्या पायांनी घोड्याला सांगायचं तेच नाहीत, म्हणजे सगळं काम पाठीने, कमरेने आणि तोलाने. उस्तादांना हे सांगितलं तर म्हणाले, 'मग? मांड पायात असते असं तुला कुणी सांगितलं?'

मग सुरू झाला तो चार महिन्यांचा कार्यक्रम. रोज जेवण तिन्ही वेळा, मेसची डाळ दोन वाट्या. होस्टेलचे चार मजले दिवसातून दहा वेळा, दोरीच्या उड्या, प्लँक. आणि क्लबवर उस्तादांच्या हातात लांब दोर, घोडा गोल फिरतोय, मी वर, रिकिबी काढून टाकलेल्या, हात कमरेवर. पहिले तीन आठवडे मी वर्गात बाकावर बसताना 'आई गं' म्हणायचे आणि मागचा बाक हसायचा. वजन उतरलं ते चारच किलो. म्हणजे ६७. बिजलीसाठी अजूनही जास्तच.

हे मला पटायला वेळ लागला, आणि खरं सांगायचं तर अजून पूर्ण पटलेलं नाही. मी आता पोतं नाही, उस्तादही तसं म्हणतात. तरी मांड सुधारली म्हणून ६७ चे ५९ होत नाहीत. तोल, ताल हे सगळं वीस टक्क्यांच्या आतलं. त्याच्या पलीकडे घोडी लहान आणि मी मोठी, एवढंच उरतं. हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये २०२३ साली आपल्या दोन मुली आणि दोन मुलांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण आणलं, तेव्हा मी होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये किंचाळले होते. तेव्हा त्या घोड्यांच्या आकाराकडे माझं लक्षही गेलं नव्हतं. आता व्हिडिओ लावला की आधी तेच दिसतं.

जानेवारीच्या स्पर्धेत बिजलीवर पहिल्या वर्षाची एक मुलगी उतरली, ४८ किलोची. बिजली छान उडाली. मी रेसमधून निवृत्त झालेल्या एका साडेचारशे किलोच्या घोड्यावर होते. त्याला माझ्या वजनाची पर्वा नव्हती आणि माझ्या सूचनांचीही नव्हती. तेरापैकी नववी आले. त्या मुलीला तिसरं बक्षीस मिळालं. टाळ्या वाजवल्या, जमेल तितक्या जोरात.

या जुलैत फॉर्म भरताना ६७ लिहिलं. उस्तादांनी फॉर्मकडे बघितलंच नाही, काट्याकडे बोट केलं. ६७ भरले. मग मी पागेत गेले. रविवारी बिजलीला खरारा करायचं काम मी सईस दादांकडून मागून घेतलंय. आधी मान, मग खांदा, आणि शेवटी खोगिराच्या जागेमागे, कण्याच्या दोन्ही बाजूंना अंगठे हळूच दाबत जायचं. त्या दिवशीही दाबले. पाठ हलली नाही. तिने फक्त मान वळवली आणि गुळासाठी माझा खिसा हुंगायला लागली.