कागदावरचा संघ

कागदावर संघ निवडण्याची हौस फार जुनी आहे. चार क्रीडाप्रेमी एकत्र जमले आणि हाती चहा आला, की ‘तुमचा सर्वकालीन संघ कोणता?’ हा प्रश्न निघतोच. अमेरिकेत १९८० साली डॅनिएल ओक्रेन्ट या लेखकाने आणि त्याच्या मित्रांनी या हौसेला रीतसर खेळाचे रूप दिले. बेसबॉलच्या खऱ्याखुऱ्या खेळाडूंमधून प्रत्येकाने आपापला संघ निवडावयाचा, आणि हंगामभर ते खेळाडू मैदानावर जे काही करतील त्यावरून या कागदी संघांना गुण द्यावयाचे, अशी ती कल्पना. ही मंडळी न्यूयॉर्कमधील ज्या फ्रेंच उपाहारगृहात जमत, त्याचेच नाव त्या खेळास पडले. आपल्याकडे क्रिकेटच्या निमित्ताने तो मोबाइलवर आला, पाठोपाठ पैसा आला, आणि अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. आमच्या घरी मात्र हा खेळ अजून वही आणि पेन्सिलीनेच चालतो. पणाला लागतात ते फार तर दुसऱ्या दिवशी सकाळचे पोहे आणि जिलेबी.

आम्ही भोपाळचे, आणि भोपाळ हॉकीचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले, भोपाळ त्याची राजधानी ठरली, आणि नागपूरच्या सचिवालयातील फायलींच्या मागोमाग कितीतरी मराठी कुटुंबे येथे येऊन पोहोचली. आमचे वडील त्यांतलेच एक. आमचे वडीलबंधू अण्णा त्या वेळी चौदा वर्षांचे होते. आमचा जन्म येथलाच. या गोष्टीस आता जवळजवळ सत्तर वर्षे होतील, पण कोणी नवा माणूस भेटला, की अण्णा अजून सांगतात, “आम्ही मूळचे नागपूरचे.” त्यांच्या बोलण्यात भोपाळ हे नेहमी ‘इकडे’ असते. आम्ही त्यांना कधी टोकले नाही. ज्याने गाव सोडताना पाहिले, त्याचे ते दुःख आहे. येथेच जन्मलेल्याने त्यावर काय बोलावे?

यंदाच्या दिवाळीत आमचा मुलगा पुण्याहून आला होता, पुतणीही सुटीवर होती. भाऊबीजेच्या रात्री जेवणे आटोपल्यावर हॉकीचे कागदी संघ निवडावयाचे ठरले. निवडणारे तिघे: अण्णा, पुतणी आणि मुलगा. आम्हांस परीक्षक नेमण्यात आले. प्रत्येकाने चार खेळाडू निवडावयाचे आणि पाचवा खेळाडू म्हणजे निवडणारा स्वतः. निवडीचा क्रम एकदा सुलट, एकदा उलट. म्हणजे पहिल्या फेरीत जो शेवटी, तो दुसऱ्या फेरीत आधी. संघात कोणी गोलरक्षक नसेल, तर निवडणाऱ्याने स्वतः गोलात उभे राहावयाचे.

खरा वाद झाला तो पात्रतेवर. अण्णांनी प्रथम धनराज पिल्लेचे नाव काढले. चार ऑलिंपिक खेळलेला, पुण्याच्या खडकीचा हा खेळाडू कोणाला नको असणार? पण मग भारतभरचे सगळेच खेळाडू आले, आणि संघ भोपाळचा कसला? “बरे, निदान तुषार खांडेकर तरी घ्या,” अण्णा म्हणाले. “लंडन ऑलिंपिकला खेळलेला मुलगा, आणि आपल्या आडनावाचा.” तुषार झाशीचा, झाशी उत्तर प्रदेशात. पुतणी म्हणाली, “झाशीचे दार उघडले, की पहिले ध्यानचंद आत येतील. मग बाकीच्यांनी निवडायचे काय?” यावर अण्णाही हसले. शेवटी आम्ही नियम लिहून दिला: जो आजच्या मध्य प्रदेशात जन्मला, किंवा येथे हॉकी शिकला, किंवा येथून खेळला, तो आपला. आडनाव पाहावयाचे नाही.

पहिली पाळी अण्णांची होती. त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता रूपसिंगांचे नाव घेतले. ध्यानचंदांचे हे धाकटे बंधू जबलपुरास जन्मले आणि ग्वाल्हेरचे झाले. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेवर २४ गोल केले, त्यांपैकी १० रूपसिंगांचे. ग्वाल्हेरच्या ज्या मैदानावर २०१० मध्ये सचिन तेंडुलकरने एकदिवसीय सामन्यात द्विशतक केले, त्याला नाव या हॉकीपटूचे आहे. पुतणीने निवडले ते गोलरक्षक शंकर लक्ष्मण यांना. मुलाला लागोपाठ दोन पाळ्या मिळाल्या, आणि त्याने विवेक सागर प्रसाद व समीर दाद ही नावे लिहिली. त्यावर पुतणीने अस्लम शेरखान घेतले आणि अण्णांनी १९४८ च्या ऑलिंपिकमधील भारताचे कर्णधार, महूचे किशनलाल. पुढच्या फेरीत अण्णांकडे १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारे इनाम-उर-रहमान आले, आणि पुतणीने लतीफ-उर-रहमान यांचे नाव लिहिले.

येथे अण्णांनी हरकत घेतली. लतीफ-उर-रहमान आणि अख्तर हुसेन हे दोघे भोपाळच्या हॉकीत घडलेले. १९४८ साली लंडनला स्वतंत्र भारताने पहिले सुवर्णपदक मिळविले, त्या संघात दोघेही होते. पुढे ते पाकिस्तानात गेले, आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला पाकिस्तानच्या संघातून आले. “गेले ते गेले,” अण्णा म्हणाले, “त्यांना आपले कसे म्हणायचे?” पुतणीने नियमाच्या कागदावर बोट ठेवले. “येथे शिकला किंवा येथून खेळला, एवढेच लिहिले आहे. पुढे कुठे गेला, हे लिहिलेले नाही.” आम्ही तिच्या बाजूने निर्णय दिला, आणि पुढच्या फेरीत तिने अख्तर हुसेन यांनाही घेतले. मेलबर्नच्या अंतिम सामन्यात भारताने पाकिस्तानला १–० असे हरविले, तेव्हा भारताच्या गोलात शंकर लक्ष्मण उभे होते. दोन देशांच्या संघांतली ही तीन माणसे आमच्या वहीच्या एका पानावर एका संघात आली. अण्णा बराच वेळ त्या पानाकडे पाहत होते.

मुलाने उरलेल्या दोन पाळ्यांत नीलकांत शर्मा आणि १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचे जलालुद्दीन यांना घेतले, आणि अण्णांनी शेवटी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकचे अहमद शेरखान. अस्लम त्यांचेच चिरंजीव. बाप एका संघात आणि लेक दुसऱ्यात, असा योग जमून आला.

आता परीक्षकाचे काम. कागदी संघाची परीक्षा करताना बहुतेक लोक नावांची बेरीज करतात. ते आम्हांस पटत नाही. निवड पारखावयाची ती पाळी आली त्या क्षणी समोर काय होते, त्यावरून. जे पुष्कळ आहे ते मागाहूनही मिळते. जे एकच आहे ते आधी उचलावे. बाजारात भाजी घेणाऱ्या गृहिणीस हे कोणी शिकवावे लागत नाही. आघाडीचे नामवंत खेळाडू यादीत कितीतरी होते, आणि त्या तोडीचा गोलरक्षक एकच. महूला जन्मलेले, मराठा लाइट इन्फन्ट्रीत सेवा केलेले शंकर लक्ष्मण १९५६, १९६० आणि १९६४ अशा तीन ऑलिंपिक अंतिम सामन्यांत गोलात होते. तिन्ही वेळा समोर पाकिस्तान, आणि तिन्ही सामने मिळून त्यांच्यावर गोल झाला तो एक. मेलबर्नला तर अख्ख्या स्पर्धेत भारतावर एकही गोल झाला नाही. पुतणीने हे हेरले, म्हणून तिचा पहिला क्रमांक. शिवाय तिने अस्लम घेतला. १९७५ च्या विश्वचषकाचा तो उपांत्य सामना आम्ही रेडिओला कान लावून ऐकला होता. मलेशियापुढे भारत १–२ ने मागे, शेवटची काही मिनिटे उरलेली, आणि राखीव खेळाडूंतून भोपाळच्या या तरुणाला आत धाडले गेले. त्याने पेनल्टी कॉर्नरवर बरोबरीचा गोल केला, जादा वेळात भारताने सामना जिंकला, आणि पुढे विश्वचषकही. राखीव खेळाडूची किंमत ज्याला कळली त्याला संघ कळला. पुतणीस दहांपैकी साडेआठ गुण.

मुलाचा संघ त्याने डोळ्यांनी पाहिलेल्यांचा आहे. इटारसीजवळच्या गावातला विवेक भोपाळच्या अकादमीत घडला आणि टोकियो व पॅरिस अशा दोन ऑलिंपिकांची कांस्यपदके घेऊन आला. नीलकांत मणिपूरचा, पण हॉकीसाठी त्याच अकादमीत आला, आणि टोकियोच्या पदकविजेत्या संघात होता. एकत्र शिकलेले दोघे एका संघात असावेत, हे चांगलेच. मात्र पाचांच्या संघात मधल्या फळीतलेच दोघे, ही चैन झाली. सात गुण. अण्णांची नावे सर्वांत मोठी. पण पहिल्या पाळीचे भाग्य त्यांनी आघाडीवर खर्च केले, आणि वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी स्वतःला गोलात उभे करून घेतले. सहा गुण.

निकाल वाचून दाखविताच पुतणीने खट्याळपणे नवी हरकत काढली. अण्णांच्या संघातला पाचवा खेळाडू नियमात बसत नाही, तो मूळचा नागपूरचा आहे, असे तो स्वतःच सांगत असतो. तेव्हा त्यांचा संघ चौघांचाच धरावा. सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि शांतपणे म्हणाले, “नागपूरला मी हॉकीची काठी हातात धरली नव्हती. टी. टी. नगरात घरे बांधायचे काम चालू होते तेव्हा आमच्या ओळीमागे मोकळे मैदान होते. जुन्या शहरातली पोरे सायकलवर काठ्या बांधून तिथे येत. गोलात उभे राहायला कुणी तयार नसे, म्हणून मला उभे करीत. चार वर्षे उभा राहिलो. हॉकी मी इथेच शिकलो आणि इथूनच खेळलो.” मग आमच्याकडे वळून त्यांनी विचारले, “तुझ्या नियमात मी बसतो की नाही?”

अण्णांच्या तोंडून हे इतक्या वर्षांत आम्ही प्रथमच ऐकत होतो. बसतात, असा निर्णय आम्ही दिला. खेळाडू अनुभवी निघाल्यामुळे त्यांचा अर्धा गुणही वाढविला. क्रमांक तरीही तिसराच राहिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे आणि जिलेबी आणावयास अण्णा स्वतः गेले.