तुमचा नगरसेवक कोण?

साधा प्रश्न आहे. पण पुण्यात राहणाऱ्यांनी उत्तर द्यायची घाई करू नये, कारण उत्तर एकवचनी नाही. १५ जानेवारी २०२६ ला आपण महापालिकेसाठी मतदान केलं तेव्हा प्रत्येकाने चार-चार बटणं दाबली. एकूण ४१ प्रभाग, १६५ नगरसेवक. चाळीस प्रभागांत चार-चार आणि एका प्रभागात तर चक्क पाच!

आता हिशोब बघा. २०११ च्या जनगणनेनुसार (त्यानंतरची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे आधार तोच) हद्दीतली लोकसंख्या साधारण ३५ लाख. एका नगरसेवकामागे एकवीस हजार माणसं, आणि एका प्रभागात पंचाऐंशी हजारांच्या आसपास. काही तालुक्यांची गावं याहून लहान असतात. एवढ्या मोठ्या प्रभागात अपक्षाने पायी प्रचार करायचा म्हटला तर त्याच्या चपला झिजतील, मतं काही मिळायची नाहीत.

बरं, ही चारची भानगड काही घटनेत लिहिलेली नाही. २००२ ला तीनचा प्रभाग होता, २००७ ला एकाचा वॉर्ड, २०१२ ला दोनचा, २०१७ ला चारचा. मग सरकार बदललं आणि पुन्हा एकाचा कायदा झाला. त्याच सरकारने २०२१ मध्ये तीन ठरवले. २०२२ ला नवं सरकार आलं, पुन्हा चार. ज्याला जे सोयीचं ते त्याने केलं, त्यात कुठलाच पक्ष सोवळा नाही. गंमत म्हणजे मुंबईत मात्र २२७ वॉर्ड आणि प्रत्येकाला एकच नगरसेवक. मुंबईकराला एकाला जाब विचारता येतो, पुणेकराला चौघांना. आणि चौघांना विचारायचं म्हणजे कोणालाच न विचारणं!

आमच्या कट्ट्यावर हा विषय निघाला की खालच्या मजल्यावरचे काका एकच वाक्य ऐकवतात. "अहो, चार वर्षं नगरसेवक नव्हतेच. काय बिघडलं? उलट फ्लेक्स कमी झाले." फ्लेक्सचं राहू द्या, ते काही कमी झाले नव्हते. पण त्यांचा मुद्दा बऱ्याच जणांना पटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधीच्या सभागृहाची मुदत १४ मार्च २०२२ ला संपली. घटनेच्या २४३-यू कलमानुसार मुदत संपायच्या आत निवडणूक व्हायला हवी. ओबीसी आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेचा वाद, न्यायालयातल्या तारखा... शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असं सांगितलं, मग त्यालाही मुदतवाढ. जवळपास चार वर्षं महापालिका प्रशासकाच्या हाती होती. म्हणजे आयुक्तच प्रशासक, तेच स्थायी समिती आणि तीच मुख्य सभा. अंदाजपत्रक मांडायचं स्वतःच, मंजूरही स्वतःच करायचं. पत्र लिहिणारा, पोचवणारा आणि उघडून वाचणारा एकच माणूस! तो माणूस कितीही सज्जन आणि हुशार असो (अधिकारी वाईट होते असं मी म्हणतच नाहीये), समोर बसून "हे कशाला?" विचारणारं कोणी नव्हतं.

याचा फटका कोणाला बसला? सदाशिव पेठेला फारसा नाही. तिथे ओळखीपाळखी असतात, फोन फिरवता येतात. फटका बसला तो गावांना. ३० जून २०२१ ला २३ गावं पालिकेत आली. सूस, म्हाळुंगे, वाघोली, नऱ्हे, मांजरी बुद्रुक, खडकवासला, किरकटवाडी, नांदोशी, नांदेड वगैरे. ग्रामपंचायत बरखास्त झाली, सरपंच गेले आणि नगरसेवक यायला साडेचार वर्षं लागली. मधल्या काळात या माणसांनी जायचं कोणाकडे?

जानेवारी २०२५ आठवा. जीबीएसचे रुग्ण वाढायला लागले ते सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, याच नांदेड-किरकटवाडी भागात. संशय पाण्यावर गेला. धडधाकट माणसं हातापायातलं बळ जाऊन व्हेंटिलेटरवर गेली, काहींचा जीव गेला. नगरसेवक असता तर साथ आली नसती असं कोण म्हणेल? पण गढूळ पाण्याची बाटली मुख्य सभेत आणून टेबलावर आपटणं हा पुण्यातला जुना प्रकार आहे. आपण त्याला नौटंकी म्हणून हसतो. या गावांच्या वाट्याला तेवढी नौटंकीसुद्धा नव्हती.

याच शहराच्या नगरपालिकेत महात्मा फुले सदस्य होते, तेही सरकारने नेमलेले. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून पालिकेने खर्च करायचं ठरवलं, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा म्हणून ते विरोधात उभे राहिले. ठराव व्हायचा तो झालाच. पण कोणी विरोध केला हे आज आपल्याला माहीत आहे, कारण तिथे सभा होती.

असो. काकांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग आता चौघं आलेत ना, करा तक्रार." आमच्या गल्लीच्या तोंडाशी पावसाळी गटाराची झाकणं खचली आहेत, शाळेची मुलं तिथूनच जातात. चौघांच्या नावाने एकच पत्र लिहिलंय, प्रत्येकाला कळेल की बाकी तिघांनाही गेलंय. सही काकांचीही घेतली (कुरकुरत का होईना, केली!). सोमवारी चार ठिकाणी देऊन पोच घ्यायची आहे. पहिलं उत्तर कोणाचं येतं यावर कट्ट्यावर चहाची पैज लागली आहे, आणि काकांनी "कोणाचंच नाही" वर पैसे लावलेत.