सत्तर पानांचा पुडा

तेंदूच्या एका पुड्यात सत्तर पानं. फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागेवर, हजारो पुडे उन्हात मांडलेले असतात. एकेक मोजायला बसलं तर पावसाळा गाठेल. मुन्शी मधलाच एखादा उचलतो, सोडतो, मोजतो. बाकीचे नावावर चालतात.

2016 च्या मे महिन्यात मला नावच नव्हतं. वडिलांच्या बदलीमुळे आम्ही धानोरा तालुक्यात नुकतेच आलो होतो. अकरावीच्या सुट्टीत मी शेजारच्या आजीबरोबर पहाटे जंगलात जाऊ लागलो. पुडे बांधताना एकदा घाई केली, आणि नेमका त्यातलाच एक मुन्शीच्या हाती लागला. त्रेसष्ट पानं. फळीवर सगळे गप्प. त्या वर्षी तेंदू ग्रामसभेनंच विकायला काढला होता, म्हणजे माझी खोट गावाच्या नावाला लागणार होती. जवळच्या मेंढा (लेखा) ग्रामसभेनं बांबूच्या वाहतुकीचा परवाना झगडून मिळवला तो 27 एप्रिल 2011 ला. गावाच्या शिक्क्यावर माल जाऊ लागणं किती महागात पडलं होतं, हे फळीवर सगळ्यांना ठाऊक होतं.

आजी पुढे आली. "आपला पोट्टा हाय जी. माझ्या नावावर लिवा." तिनं माझा अख्खा शेकडा सोडला, मांडी घालून बसली आणि स्वतःच्या पुड्यांतली पानं माझ्या पुड्यांत भरू लागली. दर सत्तराव्या पानाला बोट जमिनीला टेकवायची. अंधार पडला तरी उठली नाही.

पुढे पुण्यात संगणक शिकताना 'आयगेनट्रस्ट' वाचलं. कुणी मालक नसलेल्या संगणकांच्या जाळ्यात कुणावर विसंबायचं, याची ही रीत 2003 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मांडली. ज्याचं स्वतःचं नाव चांगलं, त्याच्या शब्दाला जास्त वजन. आणि ज्याला अजून नावच नाही, त्यालाही दहातून एकदा संधी. फार सुंदर गणित आहे ते. पण दुसऱ्याची कमी पडलेली सात पानं आपल्या पदरची घालणारं कुणी त्यात नाही. मी आज जे काही आहे, ते त्या पानांवर उभं आहे.

गेल्या उन्हाळ्यात गेलो होतो. आता आजीला कमी दिसतं. मी बांधलेला एक पुडा तिनं चाचपून उचलला, सोडला, मोजायला घेतला. मी समोर उकिडवा बसून राहिलो. शेवटचं पान ठेवून तिनं बोट जमिनीला टेकवलं आणि पुढचा पुडा माझ्याकडे सरकवला.